बिराजदार अप्पांचं रीजन

"कोणत्या रीजनचे?"

बिराजदार अप्पांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं बघायला गेलो होतो. घरमालक साधारण नाव विचारतो, गाव विचारतो, लग्न झालंय का म्हणतो. हे थेट रीजनवर आले. मला वाटलं, लातूरला येण्याचं कारण विचारताहेत. आमच्या मराठवाड्यात इंग्रजीतलं कारण काय आणि इंग्रजीतला प्रदेश काय, दोन्हीचा उच्चार 'रीजन'च होतो. मी म्हणालो, "क्लासमध्ये फिजिक्स शिकवून राहिलो. जवळ खोली पाहिजे."

"कारण न्हाई विचारलं सर, रीजन विचारलं. पण सांगू नका आता. 'शिकवून राहिलो' म्हणालात, तिथंच कळालं. नांदेड. रीजन दोन. बसा, चहा सांगतो."

खोली मिळाली. हे मी जितक्या सहज लिहितोय तितकं सोपं नव्हतं. क्लासेसची चलती होती. आमच्या गल्लीत जिन्याखाली, गच्चीवर, गोठ्याच्या जागेवर, जिथं चार भिंती उभ्या राहतील तिथं खोल्या निघाल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीत तीन पोरं, तीन सायकली आणि एक स्टोव्ह. कंधारपासून उदगीरपर्यंतची सगळी पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊन बसली होती. अप्पांनी मात्र आपली खोली पोरांना दिली नव्हती. "लई मोठ्यानं पाठ करत्यात. खाली मला स्पीकरची खरखर ऐकू येत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. मी शिकवणारा, म्हणजे माझं पाठ झालेलं असणार, असा त्यांचा समज होता. तो मी मोडला नाही.

अप्पा साठीच्या आसपासचे, बुटके, कपाळाला भस्माचे पट्टे. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावायचे. दुकानावर पाटी होती, 'महानंदा इलेक्ट्रॉनिक्स. येथे टीव्ही, टेप, डीव्हीडी दुरुस्त होतील.' आणि त्याखाली त्यांच्याच हातानं, पुढे पुढे उतरत गेलेल्या अक्षरांत, 'डिस्क रीजन बघून आणावी.'

दुकानात शिरलं की समोर जगाचा नकाशा. कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेला, घडीवर फाटलेला. अप्पांनी स्केचपेननं त्याचे सहा तुकडे रंगवले होते. अमेरिका लाल, तो एक नंबर. युरोप आणि जपान दोन. मग तीन, मग चार. भारत पाच, आफ्रिका आणि रशियाबरोबर. चीन एकटाच सहा. एका रीजनची सिनेमाची डिस्क दुसऱ्या रीजनच्या मशीनवर चालत नाही, कंपन्यांनी तसं कुलूपच घालून ठेवलंय, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानात कळलं. मी फिजिक्सचा एम.एस्सी. होतो हे इथं सांगत नाही.

"पण असं का केलंय अप्पा?"

"पंगत," अप्पा म्हणाले. "तुम्ही लग्नात जेवलात का न्हाई? पहिली पंगत कुणाची? व्याह्यांची. हितं व्याही अमेरिका. शिनेमा आधी तिथं लागणार, तिथं लोक बघून ढेकर देणार, मग त्याची डिस्क निघणार. तोवर आपल्याकडं शिनेमाबी आलेला न्हाई. मग तिथली डिस्क कुणी बॅगेत घालून हिकडं आणली तर आपल्या टाकीजात कोण जाईल? म्हणून कुलूप. पहिल्या पंगतीची जिलबी पाचव्या पंगतीच्या ताटात पडू नये. शिवाय भाव बी येगळा. अर्धापूरचं केळं अर्धापुरात काय भाव आन् मुंबईत काय भाव? तसंच."

"आणि जपान कुठं, युरोप कुठं? ते एका पंगतीत कसे?"

"वाढप्याची वळख असंल," अप्पा म्हणाले आणि सोल्डरिंगला लागले.

थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले, "एक बरं केलं बगा. पाकिस्तान आन् आपण एकाच रीजनमधी हाय. डिस्कवाल्यांनी फाळणी न्हाई केली."

हे ज्ञान अप्पांनी नकाशापुरतं ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. त्यांनी ते माणसांना लावलं. पुण्याहून बदलून आलेला एक बँकेचा साहेब टीव्ही दुरुस्तीला घेऊन आला आणि सगळा वेळ 'अहो इथं चांगलं इडली-सांबार कुठं मिळतं' एवढंच विचारत राहिला. तो गेल्यावर अप्पा म्हणाले, "रीजन एक. आपल्या मशीनमधी घालू नका, लेन्स खराब हुती." रेणापूरला दिलेल्या लेकीचा नवरा सणावाराला यायचा. गप्प माणूस. "जावई रीजन सहा. आवाज येतो कधीमधी, चित्र न्हाई." एकदा मेसमधली वांग्याची भाजी मला उतरेना म्हणून मी डबा तसाच परत पाठवला, तर डबेवाल्या मावशींना त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "सरांवर रागावू नका. त्यांचं रीजन दोन हाय, तिखट वाचता येत न्हाई." नांदेडच्या माणसाला तिखट वाचता येत नाही! मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच वर आले आणि माझ्या पंख्याची खडखड काढून गेले.

आमच्या क्लासलाही सोडलं नाही. आम्ही नोट्स गडद लाल कागदावर छापायचो, म्हणजे दुसऱ्या क्लासच्या पोरांनी झेरॉक्स काढली की नुसता काळा ठोकळा निघावा. हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. अप्पांनी कागद उजेडात धरला. "म्हंजे तुम्ही बी कंपनीच की सर. न्यूटन काय तुमच्या रीजनचा हाय का?" मी कागद घडी करून खिशात घातला.

आता एवढं सगळं रीजन-पुराण या माणसाच्या डोक्यात शिरलं कुठून, तर एका डिस्कमधून. ती डिस्क गल्लीत सगळ्यांना माहीत होती.

अप्पा मूळचे औसा तालुक्यातल्या एका खेड्यातले. भूकंपात घर गेलं, आई गेली. अप्पा, त्यांची बायको महानंदा आणि लहान लेक तेवढी वाचली. गावाला पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं तेव्हा मदतीला देशोदेशीची माणसं आली, त्यांत एक अमेरिकेची बाई होती. नाव मार्था. गावानं तिचं 'मारुतीबाई' केलं आणि तिनंही ते चालवून घेतलं. तिच्याकडं कॅमेरा होता. ती दोन-तीन महिने शेडमध्ये फिरून बायाबापड्यांना बोलतं करायची, दुभाषा मधे उभा. मग ती गेली. अप्पा लातूरला आले, दुकान टाकलं. काही वर्षांनी महानंदाबाई कावीळ होऊन गेल्या.

त्यांचा एकही धड फोटो नव्हता. लग्नातले होते ते ढिगाऱ्यात गेले. नंतरचा एकच, मतदान ओळखपत्रावरचा. अप्पा तो दाखवायचे आणि म्हणायचे, "ही कोण बाई हाय, मला मालूम न्हाई. सरकारला मालूम असंल."

आणि मग एके दिवशी, गावाच्या पत्त्यावरून फिरत फिरत, मारुतीबाईचं पाकीट लातूरला पोचलं. तिनं भूकंपावर फिल्म केली होती, ती तिकडं डिस्कवर निघाली होती. सोबत मराठीत लिहून घेतलेलं पत्र. तुमची बायको चौथ्या भागात बोलते, ती काय म्हणाली ते ऐकून तुम्हाला आनंद होईल, असं त्यात होतं. अप्पांनी दुकानातल्या सगळ्यात भारी, कंपनीच्या मशीनमध्ये डिस्क घातली. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली.

"मी लावून लावून वाचलं सर. 'रीजन चुकीचं' म्हणायलंय मशीन. आता रजेच्या अर्जावर रीजन लिवतो आपण, तेवढंच मला ठावं. मला वाटलं मशीन कारण इचारायलंय. का बघायचं म्हणून." हे सांगताना अप्पा स्वतःच हसायचे. "मी बी येडा. मशीनसमोर हात जोडून म्हणालो, माझी बायको हाय आत. ह्याच्यापेक्षा आणखी काय रीजन पाहिजे बाबा? तर डिस्क भाईर फेकली त्यानं."

पुढं कुणा गिऱ्हाइकानं खरा अर्थ सांगितला. डिस्क एक नंबरची, मशीन पाच नंबरचं. तेव्हापासून नकाशा आणि रंग.

त्याच कपाटात, डिस्कच्या शेजारी, एक रेडिओ होता. मातकट रंगाचा, एरियल मोडलेलं. तोही मारुतीबाईचाच. शेडमध्ये सगळ्यांना ब्लँकेटं, भांडी वाटली आणि अप्पांच्या हातात तिनं हा बंद पडलेला रेडिओ ठेवला. "अमेरिकेची दानत बगा," अप्पा गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे. "लोकांना पातेली आन् मला भंगार. का दिला, त्याचं रीजन आजवर कळालं न्हाई. चुकून दिला असंल." तो त्यांनी शेडमध्येच दुरुस्त केला. मग शेजारच्या शेडमधला कुणी टॉर्च घेऊन आला, कुणी टेप. असं करत करत लातूरचं दुकान उभं राहिलं. बायको गेली त्या वर्षी रेडिओ पुन्हा बंद पडला आणि अप्पांनी त्याला हात लावला नाही. सगळ्या गावाचे रेडिओ बोलते करणारा माणूस. स्वतःचा मुका ठेवून बसलेला.

मला या डिस्कचा ध्यास लागला. मास्तराचा स्वभाव, अडलेलं गणित समोर दिसलं की राहवत नाही. क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. त्यात रीजन बदलता येतं, पण फक्त पाच वेळा, मग ते कायमचं ठरतं, असं मला कळलं. मी धावत अप्पांकडं गेलो.

"पाचदाच?"

"आपल्याला एकदाच पुरे की!"

"नगं सर. क्लासचं मशीन हाय. एका बाईपायी त्याची एक बारी वाया कशाला घालवायची?"

मला ते अप्पांचं भिडस्तपण वाटलं. मग मी माझा कॉम्प्युटर घेतला, तर म्हणाले, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली, तर लोडशेडिंग वाढलं, मधेच लाईट गेली तर डिस्क अडकायची. मग लेक बाळंतपणाला आली. प्रत्येक वेळी कारण चोख. मी आपला नवी युक्ती काढतोय आणि हे माझ्याकडं कौतुकानं बघताहेत.

निकालाच्या दिवशी हे सगळं उलगडलं. क्लासला सुटी होती. आमच्या गुणवंतांची मिरवणूक निघणार होती, फेटे, बँड, उघडी जीप. मी जिना उतरून खाली येत होतो तेव्हा समोरच्या देशमुखबाई दुकानात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत, नातू सुटीला आलेला. तिकडनं त्यानं कार्टूनच्या डिस्का आणल्या होत्या आणि घरच्या मशीनवर एकही चालेना, म्हणून पोरगं सकाळपासून जेवलं नव्हतं. बाईंनी पिशवीतून मशीन काढलं. अप्पांनी ते जोडलं, रिमोटवर सहा-सात बटणं दाबली, पडद्यावरच्या पाचाचा शून्य केला आणि डिस्क आत सारली. कार्टून नाचायला लागलं. चहा निवायलाही जास्त वेळ लागतो.

"झालं बगा. आता दुनियेतली कोंची बी लावा."

"अप्पा, तुमच्या हाताला जादू आहे," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी आमच्या जावेचंही असंच केलंत."

बाई गेल्या. अप्पांना मी जिन्यात दिसलो. त्यांनी नजर चुकवली आणि टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागले.

मला संताप आला. खरं सांगतो, भयंकर संताप आला. दीड वर्ष मी या माणसासाठी लोकांना विचारत फिरत होतो, आणि अख्ख्या गल्लीची कुलपं हा रिमोटवर काढून देत होता! "अप्पा, तुम्हाला येत होतं?"

"हाव."

"मग मला कशाला नाचवलंत? त्यात तुमची बायको आहे ना?"

"हाय की." ते स्टुलावर बसले. "सर, तिचा आवाज मी सात-आठ वर्षं ऐकला न्हाई. आता तिचं एकच बोलणं राहिलंय माझ्याकडं. अजून न ऐकलेलं. ते ऐकलं की संपलं. मग ती पुन्यांदा काय बोलणार हाय? हितं कपाटात असली की वाटतं, अजून तिला कायतरी सांगायचं राहिलंय. मशीनला रीजन चालत न्हाई, असं लोकांना सांगायला बरं पडायचं."

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मी टेबलावरचे उरलेले स्क्रू गोळा करायला लागलो. काही बोललो असतो तर मास्तरासारखं काहीतरी बोललो असतो.

बरंच झालं, कारण अप्पांनी आपणहून कपाट उघडलं. मला डिस्क दाखवावी म्हणून पाकिटातून काढली आणि सवयीनं, दुरुस्तीवाले धरतात तशी, दाराच्या उन्हात तिरपी धरली. धरली आणि तशीच राहिली. मीही वाकून बघितलं. डिस्कच्या बाहेरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार येत होता. त्याच्याशेजारी आणखी एक.

"उडायला लागली," अप्पा म्हणाले. गिऱ्हाइकाच्या डिस्कबद्दल म्हणाले असते त्याच आवाजात. "मागची चांदी जायलीय. कडेपासनं सुरू हुतंय, आन् शेवटचे भाग कडेलाच असत्यात. पावसाळाभर राहिली तर न्हाई चालायची."

बाहेर बँड जवळ आला. आमचे फेटेवाले गुणवंत दारावरून गेले, दोघातिघांनी मला बघून 'सर, सर' म्हणून हात केले. मीही केला. अप्पा म्हणाले, "मिरवणूक जाऊ द्या." हे आणखी एक कारण, असं माझ्या मनात आलं. पण बँडचा आवाज चौकापलीकडं गेल्यावर त्यांनी स्वतः उठून दार अर्धं ओढलं, डिस्क धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली, दुकानातल्या मशीनच्याही पाचाचा शून्य करून ट्रेमध्ये ठेवली आणि रिमोट माझ्या हातात दिला.

"चौथा भाग. तुम्हीच दाबा."

पडद्यावर पत्र्याची शेडं आली. चिखल, दोरीवर ब्लँकेटं. एक म्हातारी भांडी मागत होती, एक बाई ताडपत्री. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. मग डोक्यावर पदर घेतलेली एक उंच, सावळी बाई पुढं आली. कॅमेऱ्याकडं न बघता, जरा बाजूला बघत उभी राहिली. अप्पांनी खिशातलं टेस्टर काढून हातात घट्ट धरलं.

दुभाष्यानं विचारलं, तुम्हाला काय पाहिजे?

"मला काय बी नगं," महानंदाबाई म्हणाल्या. आवाज चांगलाच खणखणीत. "आमच्या मालकाला एक रेडिओ द्या. चांगला नगं हं, चांगला दिला तर नुसतं ऐकत बसंल. बिघडलेला द्या. महिना झाला, इटकरीवर बसून हाय. बोलत न्हाई, जेवत न्हाई. हाताला काम न्हाई मिळालं तर येडं हुईल ते माणूस. आन् मी मागितला म्हणून सांगू नका. माझ्यावरच वरडंल."

आजूबाजूच्या बाया हसल्या. महानंदाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. हसताना एकदम लहान दिसल्या. कॅमेरा हळूच बाजूला वळला. मागं, फार तर दहा पावलांवर, एक बुटका माणूस कॅमेऱ्याकडं पाठ करून विटेवर बसला होता.

मग दुसरी शेड, दुसरी बाई. मी थांबवलं.

अप्पा बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडं बघत होते. डोळे भरून वाहत होते, आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

"दहा पावलांवर हुतो की मी," ते म्हणाले. "ऐकलं न्हाई."

मग म्हणाले, "सर, जरा मागं घ्या."

मी मागं घेतलं. पुन्हा महानंदाबाई पुढं आल्या, पुन्हा म्हणाल्या, मला काय बी नगं. अप्पांनी पुन्हा मागं घ्यायला सांगितलं. मी म्हणालो, "अप्पा, माझ्या कॉम्प्युटरवर हिची नक्कल करून ठेवू. मग किती का उडेना." त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ते पडद्याकडं बघतच नव्हते. कपाटातला तो मातकट रेडिओ त्यांनी टेबलावर पालथा घातला होता आणि पाठीमागचे स्क्रू टेस्टरनं एकेक करून काढत होते.

पडद्यावरची बाई म्हणाली, हाताला काम न्हाई मिळालं तर येडं हुईल ते माणूस.

"करायलो की," अप्पा मान खाली घालून म्हणाले. "करायलो."